मान डोलावण्याआधी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून, एक लांबट खोली होती. वरच्या मजल्यांवर जे काही फाटेल, उसवेल, झिजेल ते गाठोड्यात बांधून या खोलीत यायचं. चादरी, उशांचे अभ्रे, खाटांभोवतीचे पडदे, शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचे हिरवे झगे. शिवून, इस्त्री होऊन ते परत वर जायचं. खोलीत तीन शिलाई मशिनं होती आणि त्यांतल्या खिडकीकडच्या मशिनावर बावीस वर्षं एकच बाई बसत होती. तिला सगळे टाकेताई म्हणत. हे नाव एका जुन्या सर्जननं दिलेलं. तो एकदा झग्याची उसवलेली बाही घेऊन स्वतःच खाली आला आणि गमतीनं म्हणाला, “ताई, टाके मीही घालतो आणि तुम्हीही घालता. मग फरक काय?” ताईनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “तुमचे दहा दिवसांत काढावे लागतात डॉक्टर. माझे काढून दाखवा.” सर्जन पोट धरून हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताई दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी म्हणाल तर दुकानांच्या पाट्या वाचता येत, औषधांची नावं लावता येत, ‘येस’ आणि ‘थँक यू’ जिथल्या तिथे. एक गोष्ट मात्र झोकात होती, ती म्हणजे सही. शाळेतल्या एका बाईंनी हात धरून इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती, तेव्हापासून ती सही इंग्रजीतच करायची. शेवटच्या अक्षराची शेपटी अशी ऐटीत मागे वळवायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई कॉलेजात जाऊन आलीय. ही सहीच पुढे तिला नडली.

तिचा नवरा शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस मितभाषी. दिवसभर अंधाऱ्या उभ्या बोगद्यात दोरांना आणि चाकांना कान लावून बसायचा. घरी आला की बोलायला शब्द उरलेले नसायचे. एकुलता एक मुलगा दोन दिवसांच्या वाटेवरच्या बंदरात, जहाजं बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर होता. असं हे तिघांचं घर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मग नवऱ्याचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग जडान्न म्हणून. एके दिवशी त्याच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली आणि ताईनं त्याला हाताला धरूनच इस्पितळात आणलं. यकृतात गाठ निघाली. तिसऱ्या मजल्यावर, भिंतीकडची खाट मिळाली. ताई खाली मशिनावर बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर जायची. आपण बायकोच्याच हाताचे टाके घातलेल्या चादरीवर झोपलोय, याचं नवऱ्याला भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला तो चादरीची कड दाखवायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मोठे डॉक्टर आले. सोबत चार-पाच शिकाऊ डॉक्टर, हातात फाइल. फाइलमधल्या एका कागदावर ताईची सही होती. डॉक्टरांनी ती पाहिली, ताईकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, आपण इंग्रजीत बोललो तर चालेल ना?

ताईनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या पिवळ्या चेहऱ्यावर एक अभिमान होता. बायको डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणार होती. “येस डॉक्टर,” ती म्हणाली.

डॉक्टर मग बोलत गेले. आवाज मऊ होता, घाई नव्हती. वाईट माणूस नव्हता तो. सात-आठ वाक्यं झाली. त्यांतले तीन शब्द ताईच्या हाती लागले. एक ‘केअर’, तो तिला माहीत होता, काळजी. दुसरा ‘पुअर’, तोही माहीत होता, गरीब. तिसरा ‘पॅलिएटिव्ह’. हा कधी ऐकलेला नव्हता, पण औषधांची नावं अशीच असतात. तिनं तिन्ही शब्द एकमेकांना जोडले आणि तिला अर्थ लागला, की तुम्ही गरीब माणसं आहात, तरी काळजी करू नका, आम्ही पॅलिएटिव्ह नावाचं औषध सुरू करतोय. गरीब म्हटल्याचं तिला किंचित लागलं. पण लगेच वाटलं, म्हणू देत, औषध तर देतायत. तिनं मान डोलावली. “थँक यू डॉक्टर.” डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. तिनं सही केली, शेपटीसकट.

ते गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, “काय म्हणाले?”

“नवीन औषध देणार आहेत. आपल्याला गरीब म्हणाले तेवढं सोडा.”

नवरा हसला. “खोटं कुठे आहे त्यात?” तिनं त्याला एक केळं सोलून दिलं. त्या दिवशी त्यानं ते सगळं खाल्लं.

संध्याकाळी तिनं मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशीची गाडी धरणारच होता. ती म्हणाली, “अरे, घाई करू नकोस. नवीन औषध सुरू झालंय. तुझं ते जहाज पाण्यात उतरलं की महिनाअखेर निवांत ये. तोपर्यंत बाबा उठून बसलेले असतील.”

“नक्की ना आई?”

“डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलंय. इंग्रजीत.”

नवव्या दिवशी सकाळी, नर्स तापमान बघायला आली तेव्हा, नवरा गेलेला होता. मुलगा पोहोचला तो तिसऱ्या दिवशी. वडिलांना त्यानं पाहिलंच नाही. आठवडाभर तो घरात राहिला, कागदपत्रांची धावपळ केली, आईला वेळेवर जेवायला घातलं. पण आईशी बोलला नाही. ताईला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. तो परत गेला आणि मग फोनही आखूड झाले. कशी आहेस, बरी आहे, ठेवतो.

महिन्याभरानं मुलाच्या कारखान्याला वडिलांच्या आजारपणाचा कागद हवा होता. तो घ्यायला ताई रेकॉर्डच्या खोलीत गेली. तिथे छतापर्यंत फायली आणि त्या फायलींच्या मधोमध एक साठीला टेकलेले गृहस्थ बसत. डॉक्टरांनी खरडलेलं वाचून ते सुवाच्य टाइप करायचे, त्यांचं कामच ते. त्यांना सगळे फाइलसर म्हणत. त्यांनी कागद काढून दिला. ताई वाचता येईल तेवढं वाचत होती. बोट एका शब्दावर थांबलं.

“हेच ते औषध. पॅलिएटिव्ह. सर, याचा एवढासुद्धा गुण कसा आला नाही हो?”

फाइलसरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. “ताई, बसा जरा.”

“उभी बरी आहे.”

“ते औषधाचं नाव नाही. आजार बरा होण्यापलीकडे गेला की मग दुखू नये, त्रास होऊ नये, एवढ्यासाठी जे करतात त्याला म्हणतात पॅलिएटिव्ह केअर.”

“आणि पुअर?”

“प्रोग्नोसिस पुअर लिहिलंय. प्रोग्नोसिस म्हणजे पुढे काय होईल त्याचा अंदाज. तो पुअर म्हणजे वाईट. आशा नाही.”

ताईनं मग टेबलाची कड धरली. “म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि मला सांगितलं होतं त्यांनी.”

 फाइलसरांनी फाइलमधला एक कागद तिच्यापुढे सरकवला. खाली तिची सही होती. सहीच्या वर छापील इंग्रजी ओळ. सरांनी ती तिला समजावून सांगितली: वरील सर्व माहिती नातेवाइकांना त्यांना समजेल अशा भाषेत देण्यात आलेली आहे.

ती खाली आली आणि मशिनावर बसली. समोर पडद्याचं कापड होतं. तिनं शिवायला घेतलं. चार तास शिवत राहिली. शेजारच्या मशिनावरच्या बाईनं नंतर सांगितलं, की त्या दिवशी ताईनं एक पडदा शिवला आणि उसवला, शिवला आणि उसवला. तोच पडदा.

पुढच्या आठवड्यात ती परत फाइलसरांकडे गेली. “सर, मला इंग्रजी शिकायचंय. साधं नको, साधं येतं. त्या साध्यानंच घात केला. मला अवघड शब्द हवेत. डॉक्टर बोलतात ते.”

“मी मास्तर नाही ताई. मी फायली लावतो.”

“मग फायली लावायलाच शिकवा.”

सर तिला टाळत राहिले. तेव्हा तिनं आपल्या बुद्धीनं सुरुवात केली. एक जाडजूड शब्दकोश मिळवला आणि पहिल्या पानापासून पाठ करू लागली. रोज वीस शब्द. स्वयंपाक करताना पुटपुटायची, बस थांब्यावर पुटपुटायची. पंधरा दिवसांनी तिनं सरांना ऐन जेवणाच्या वेळी गाठलं आणि एका दमात साठ-सत्तर शब्द अर्थांसकट म्हणून दाखवले. सरांनी घास खाली ठेवला. “छान. आता यातला एक शब्द वापरून मला एक वाक्य सांगा.” ताईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. एकही वाक्य येईना. दुसऱ्या आठवड्यात सत्तरांतले जेमतेम दहा शब्द उरले होते.

कदाचित तिचा तो उतरलेला चेहरा पाहून असेल, सर विरघळले. म्हणाले, “मी फाइल कशी लावतो ते सांगतो. पेशंटचं नुसतं नाव लिहून मी कागद रॅकवर टाकत नाही. तो कुठून आला, कुणी आणला, सोबत कोण, आधी काय झालं होतं, सगळं एकत्र बांधतो. मग तो दहा वर्षांनी मागितला तरी सापडतो. शब्दाचंही तसंच करा. सुटा शब्द लिहायचा नाही. कुणाच्या तोंडून ऐकला ते आख्खं वाक्य लिहायचं. त्याच्या आगेमागे कोण उभं असतं ते लिहायचं. मग त्याच शब्दाचं स्वतःचं वाक्य करायचं, तुमच्या कामातलं. आठवड्याला पाच शब्द. सहावा घेतलात तर मी शिकवणं बंद.”

बुधवारी आणि शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास, असं ठरलं. ताईनं शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुअर. त्याखाली सरांनी सांगितलेली त्याची सगळी सोबत लिहिली. माणूस पुअर असतो तेव्हा गरीब. नजर पुअर असते तेव्हा कमजोर. उजेड पुअर असतो तेव्हा अपुरा. अंदाज पुअर असतो तेव्हा आशा नसते. एकच शब्द, आणि शेजारी बदलला की त्याचा चेहरा बदलतो. त्या पानावर तिनं स्वतःचं वाक्य लिहिलं नाही. सरांनीही मागितलं नाही.

पण बाकीची पानं भरू लागली. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक आणि जोराचा, ‘क्रॉनिक’ म्हणजे रेंगाळणारा, जुनाट. ताईनं वाक्य केलं: गुंड्यांची टंचाई अक्यूट आहे, माझ्या मशिनाचा खडखडाट क्रॉनिक आहे. सर हसून लोटपोट झाले. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ या सख्ख्या जावांनी तिला महिनाभर छळलं. ऐकायला सारख्या, वागायला उलट्या, एक वर नेणारी, एक खाली. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर घाबरायचं आणि ‘निगेटिव्ह’ आली तर सुटकेचा श्वास टाकायचा, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “सर, या भाषेचं काही खरं नाही.” अहवालात ‘अनरिमार्केबल’ लिहिलेलं असलं की लोकांचे चेहरे पडतात, आपल्या माणसाकडे कुणी लक्षच दिलं नाही असं वाटतं, खरं तर त्याचा अर्थ, काही वावगं दिसलं नाही. आणि ‘स्टेबल’! तो शब्द ती फार दिवस घोळवत राहिली. आतापर्यंत ती समजत होती, स्टेबल म्हणजे बरा. सर म्हणाले, “नाही ताई. स्टेबल म्हणजे जसा आहे तसाच. मरणाच्या दारात उभा असेल आणि तिथेच उभा राहिला, तरी स्टेबलच.”

हळूहळू तिला शब्दांच्या नाड्या सापडू लागल्या. एक क्रियापद हाताला लागलं की त्याचं नाम, त्याचं विशेषण अशी सगळी भावकी ती बाहेर काढायची. वरच्या मजल्यावर पडदे लावायला जायची तेव्हा कान उघडे असत. स्टुलावर चढून कड्या ओवताना खाली डॉक्टर काय बोलतात ते ऐकायचं, खाली उतरलं की मापाच्या चिठ्ठीवर उतरवायचं. वही भरली, दुसरी आली. दोन वर्षांत साडेचारशे शब्द झाले. ते तिला नुसते कळत नव्हते, वापरताही येत होते. हे सगळं तिनं मुलाला सांगितलं नाही. शिकायला का बसलीस, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होती?

दोन वर्षांनंतरच्या एका सकाळी ती तिसऱ्या मजल्यावर होती. स्टुलावर उभी राहून पडद्याच्या कड्या ओवत होती. पडद्यापलीकडे एक पेशंट, साधारण पन्नाशीचा, गुंगीत. त्याच्याजवळ त्याचा धाकटा भाऊ, टोपी हातात धरून उभा. एक तरुण डॉक्टरबाई आल्या. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या. त्या इंग्रजीत भराभर बोलल्या. प्रोग्नोसिस गार्डेड आहे, आता पॅलिएटिव्हकडे वळतोय, वगैरे. भाऊ “येस मॅडम, येस मॅडम” म्हणत मान डोलावत होता.

 ताई स्टुलावरून उतरली. डॉक्टरबाई कागद पुढे करत होत्या.

“दादा,” ताईनं त्या भावाला विचारलं, “काय म्हणाल्या मॅडम, कळलं का?”

“हो ना ताई. आता दादाला गार्ड ठेवणार आहेत म्हणे. चोवीस तास लक्ष.”

ताई डॉक्टरबाईंकडे वळली. “मॅडम, यांना समजलेलं नाही. परत एकदा सांगा, यांच्या भाषेत.”

डॉक्टरबाई चमकल्या. “तुम्ही कोण? तुम्ही पडदे लावायला आलात ना?”

“हो. तरी परत सांगा.”

डॉक्टरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं; पण शब्द फुटेनात. कागद खाटेवर ठेवून त्या निघून गेल्या. भाऊ गोंधळून ताईकडे बघत राहिला. मग ताईनं त्याला खाटेपासून दूर, जिन्याजवळ नेलं आणि सांगितलं. गार्डेड म्हणजे पहारा नव्हे, भरवसा देता येत नाही; बाकी जे फाइलसरांनी तिला सांगितलं होतं तेच, तितक्याच सावकाश. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “वहिनी गावाला आहे. मी तिला रविवारी ये म्हटलं होतं.”

“आज बोलवा,” ताई म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

वहिनी त्याच संध्याकाळी आली. पुढे चार दिवस ती नवऱ्याजवळ होती.

इकडे ताईच्या हातात मेमो पडला. इंग्रजीत. विनापरवाना उपचारांत हस्तक्षेप केल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा. सगळ्या नर्सेसवरच्या मेट्रननं तो देताना आवाज खाली आणून सांगितलं, “ताई, माफी मागून मोकळ्या व्हा. मी मजकूर लिहून देते. कशाला विषाची परीक्षा घेता?”

“खुलासा मागितलाय ना? देते खुलासा,” ताई म्हणाली.

पण लिहायला बसली आणि पेन अडलं. खरं कारण लिहायचं तर नवऱ्याचं लिहावं लागणार होतं. आणि ते मुलाच्या आधी एखाद्या कागदाला सांगणं तिला पटेना. तिनं फोन करून मुलाला बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती म्हणाली होती, ये. तो रविवारी दुपारी आला. चहा झाला. तिनं मेमो त्याच्यापुढे ठेवला, वह्या ठेवल्या, आणि त्या दिवशीचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, तिला काय कळलं, तिनं मान कशी डोलावली. काही झाकलं नाही. नवऱ्याच्या नजरेतल्या कौतुकासाठी आपण ‘येस’ म्हणालो, हेही सांगितलं.

मुलगा बराच वेळ वहीचं पहिलं पान बघत होता.

“आई, मला वाटायचं तू लपवलंस. बाबा जाणार हे तुला ठाऊक होतं आणि माझं काम बुडू नये म्हणून तू मला मुद्दाम येऊ दिलं नाहीस. दोन वर्षं मी तेच धरून बसलोय.”

“नाही रे. मला कळलंच नव्हतं.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. “आणि बाबांना ठाऊक होतं?”

“तेच तर मला अजून कळत नाही,” ताई म्हणाली. “त्या शेवटच्या दिवसांत ते मला एकेक सांगत होते. पाण्याचा मुख्य नळ कुठल्या पान्यानं बंद होतो, फ्यूज उडाला तर काय करायचं, मागच्या दाराची बिजागरी कशी उचलून बसवायची. मला वाटलं, पडून कंटाळलेत, वेळ घालवतायत.”

मुलानं मग आईचा हात हातात घेतला. त्याचे हात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिपक्याठिपक्यांचे झाले होते.  दोघं रडली, पण आवाज करून नाही.

सोमवारी ताईनं खुलासा दिला. इंग्रजीत, स्वतः लिहिलेला, कुणाला न दाखवता. फाइलसरांनासुद्धा नाही. त्यातला मजकूर असा होता: ‘दोन वर्षांपूर्वी याच वॉर्डात माझ्या पतीचं प्रोग्नोसिस पुअर असल्याचं मला सांगण्यात आलं. मला पुअर हा शब्द येत होता, त्याचा एकच अर्थ येत होता. माझी सही इंग्रजीत आहे म्हणून मला समजलं असं डॉक्टरांनी गृहीत धरलं. मी गृहीत धरलं की वाईट असतं तर त्यांनी तसं सांगितलं असतं. आमची दोघांची चूक झाली आणि माझ्या मुलाची वडिलांशी भेट झाली नाही. मेमोत म्हटलेल्या दिवशी मी आजाराचा अर्थ सांगितला नाही, फक्त शब्दांचा सांगितला. हे काम विनापरवाना असेल, तर कृपया कुणाला तरी त्याचा परवाना द्यावा.’

तीन दिवसांनी तिला वर बोलावलं. टेबलामागे मोठे डॉक्टर, बाजूला मेट्रन, कोपऱ्यात त्या तरुण डॉक्टरबाई. मोठ्या डॉक्टरांच्या हातात तिचा कागद होता.

“हे कोणी लिहून दिलं?”

“मीच लिहिलंय.”

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “इथे तुम्ही ‘अस्यूम’ हा शब्द वापरलाय. दोनदा. ‘थिंक’ का नाही लिहिलं? तो सोपा होता.”

ताईनं पदर नीट केला. “थिंक म्हणजे विचार करणं, डॉक्टर. तुम्ही विचार केला असता तर मला विचारलं असतं, कळलं का म्हणून. मी विचार केला असता तर तुम्हाला विचारलं असतं. आपण कुणीच विचार केला नाही. धरून चाललो. त्याला अस्यूम म्हणतात.”

 डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला.

“मीच होतो का तो? दोन वर्षांपूर्वी?”

“हो.”

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. ते खरं बोलत होते आणि खरं बोलताना त्यांना त्रास होत होता, हे ताईला दिसलं.

“कसं आठवेल? मी तर मान डोलावली होती.”

मेमो रद्द झाला नाही. कागद एकदा फाइलला लागला की निघत नाही, हे फाइलसरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर एक पद्धत सुरू झाली. सही घेण्याआधी नातेवाइकाला विचारायचं, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. त्यानं सांगितलं आणि ते बरोबर असलं, तरच कागद पुढे करायचा. बाकीच्या मजल्यांवर ही पद्धत कधी आली, कधी विरून गेली. तिसऱ्यावर टिकली.

त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी त्या तरुण डॉक्टरबाई खाली शिवणाच्या खोलीत आल्या. हातात झगा नव्हता, काहीच नव्हतं. दारात घुटमळल्या.

“ताई, तुम्ही त्या दिवशी ‘यांच्या भाषेत सांगा’ म्हणालात. मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं असेल, घमेंड आहे.”

“वाटलं होतं खरं.”

“मला येत नव्हतं.” त्यांचे डोळे भरून आले. “माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. घरी बोलते ती भाषा जेवणखाणापुरती. मरणाचं कसं सांगायचं, त्याचे शब्दच नाहीत माझ्याकडे. इंग्रजीत सांगितलं की सुटल्यासारखं वाटतं.”

ताईनं मशीन थांबवलं. शेजारचं स्टूल ओढून त्यांच्यापुढे ठेवलं, एक नवी वही काढली. “बसा. अवघड शब्द नकोत, आपल्याकडेही आहेत अवघड, ते नंतर बघू. आधी वाक्य म्हणा. सावकाश. समोर पेशंटचा भाऊ बसलाय असं समजा.”

डॉक्टरबाईंनी घसा साफ केला. “आजार… आजार आता बरा होणार नाही.”

“हं.”

“पण त्यांना दुखू नये, श्वास लागू नये, यासाठी आम्ही…”

“थांबा,” ताई म्हणाली. “पहिल्या वाक्यानंतर लगेच ‘पण’ नको. तिथे गप्प बसायचं. त्यांना ऐकू येऊ दे.”

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली आणि पहिलं वाक्य पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्या थांबल्या. धुलाईघराच्या बाजूनं पाण्याचा आवाज येत होता. ताई त्यांच्याकडे बघत गप्प बसून होती.